बर्फगाडीचं बेअरिंग

॥ श्री ॥
चंदीगड, २ एप्रिल १९७८

चि. सौ. नयनास वामनरावांचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. अक्षर नेहमीसारखंच, मुंग्या पळाल्यासारखं, पण तुझ्या सासूबाईंनी चष्मा लावून दोनदोनदा वाचलं. भावाच्या लग्नाला म्हणून साताऱ्याला गेलीस आणि हे सगळं झालं. तू तिकडेच आहेस ते एका परीने बरं. इथे दाराची कडी वाजली की ही हातातलं टाकून धावते. माधवचा स्वेटर रोज उन्हात घालते. आल्यावर त्याला दमट लागायला नको, म्हणते.

माधवच्या चौकीवरचा रघुवीर येऊन गेला. अजून थोडा लंगडतो. जानेवारीत तो आणि माधव वरच्या चौकीतून शिधा आणायला बर्फगाडीवरून निघाले, आणि वाटेत गाडीचा चाकांच्या जागी असलेला पट्टाच फिरेना. रघुवीरचा पाय मुरगळलेला, म्हणून माधवने त्याला गाडीच्या आडोशाला बसवलं आणि मदत आणायला एकटा चालत गेला. मग डोंगरावरून बर्फ कोसळलं. रघुवीर सापडला, आपला माधव नाही. एवढंच त्यालाही ठाऊक आहे गं.

ती गाडी आता आमच्या वर्कशॉपात आली आहे. पट्टा फिरवणाऱ्या आसाचं बेअरिंग पाणी शिरून, गंजून जाम झालं होतं. साहेब म्हणाले, वामनराव, हे काम दुसऱ्याला देऊ. मी म्हटलं, निवृत्तीपर्यंत इथला फोरमन मी आहे. अशी गाडी खात्याकडे एकच. मेअखेर बर्फ वितळलं की खालचा नाला सगळं वाहून नेईल, त्याआधी माणसं शोधायला पाठवायची आहेत. परदेशातून मूळचं बेअरिंग मागवावं तर पुढचा हिवाळा उजाडेल. म्हणून इथेच शोधतो आहे.

जेवत जा. तुझ्या आईवडिलांना नमस्कार. बाकी आमची माया तू जाणतेसच.

तुझे,
बाबा

॥ श्री ॥
सातारा, १६ एप्रिल १९७८

तीर्थरूप बाबांच्या चरणी नयनाचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं पहिलं आणि त्यामागून आलेलं, दोन्ही पत्रं मिळाली. दोन्हींत बेअरिंगच. हे मोठं, ते लहान, हे घट्ट, ते उघडं. बाबा, मंडईत वांगी निवडतानाही आई एवढा वेळ लावत नाहीत हो!

परवा शेजारी चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. मी जात नव्हते, माझ्या आईनेच आग्रहाने नेलं. काकूंनी सगळ्यांना कुंकू लावलं आणि माझ्यापाशी आल्यावर त्यांचं बोट हवेतच थांबलं. लावावं की नाही? शेवटी त्यांनी माझ्या ओंजळीत नुसतेच हरभरे घातले. बाबा, मला त्यांचा राग नाही आला. त्यांनी तरी काय करायचं? मी कोण आहे ते मलाच कुठे ठाऊक आहे?

रात्री वाटतं, हे कुठल्या तरी गावात पाय मोडून पडले असतील. सकाळी वाटतं, नाही. मला आता हे सोसत नाही. मिळेल ते बेअरिंग घाला, पण गाडी वर पाठवा. तुम्ही उशीर का करताय?

उलट बोलले, पोटात घाला. आईंना नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
नयना

॥ श्री ॥
चंदीगड, २४ एप्रिल १९७८

चि. सौ. नयनास अनेक आशीर्वाद.

रागावलीस, बरं केलंस. आता ऐक.

मिळेल ते घालता येत नाही, बाळ. उघडं बेअरिंग घातलं तर पाणी पुन्हा शिरेल आणि पुन्हा गोठेल. दोन्ही बाजूंनी रबराने बंद केलेलं घेतलं, पण ज्या अ‍ॅल्युमिनियमच्या घरात ते बसतं ते थंडीत आकसतं आणि बेअरिंगचा गळा आवळतं. इंडस्ट्रियल एरियातल्या बर्फाच्या कारखान्यात रात्रभर ठेवून पाहिलं. सकाळी हाताने फिरेना. वर तर याहून थंडी. तिथे पुन्हा गाडी अडली तर आणखी कुणाच्या तरी घरी कडीकडे कान लावून बसतील.

मग लुधियानाला गेलो. रबराने बंद, पण आतून किंचित ढिलं असं बेअरिंग मागितलं. दुकानदार म्हणाला, जी, हे तापणाऱ्या मोटारींना लागतं, तुम्ही बर्फात घालता? वेडाच समजला मला. त्यातलं ग्रीस काढून थंडीत न गोठणारं भरलं, पुन्हा कारखान्यात ठेवलं. सकाळी एका बोटाने फिरलं.

पण खरं सांगायचं तर त्याला आठवडा उलटून गेला. ते बेअरिंग माझ्या ड्रॉवरमध्ये फडक्यात गुंडाळलेलं आहे. रोज काढतो, फिरवून बघतो, परत ठेवतो. गाडी विटांवर उभी आहे तोवर तुझ्या नावाआधी मला सौ. लिहिता येतं. तोवर ही स्वेटर वाळत घालते. गाडी वर गेली की काय घेऊन येईल ते मला ठाऊक आहे, नयना. माझ्याने ते बसवण्याचं धाडस होत नाही.

लोभ ठेव, हवा तर रागासकट ठेव.

बाबा

॥ श्री ॥
सातारा, १ मे १९७८

ती. बाबांच्या चरणी नयनाचा नमस्कार.

पत्र वाचून खूप रडले. मग तोंड धुतलं आणि हे लिहायला बसले.

बाबा, बसवा ते. सौ. लिहिलंत काय आणि न लिहिलंत काय, मी तुमचीच. पण ते तिथे एकटे आहेत. त्यांना थंडी किती वाजते ते तुम्हाला माहीत आहे, सप्टेंबरातच रजई काढायचे. त्यांना नाल्यात वाहून जाऊ देऊ नका. कसेही असोत, घरी आणा.

तुमच्या आशीर्वादाच्या आधाराने,
नयना

चंदीगड, १७ मे १९७८

चि. नयनास आशीर्वाद.

तार मिळाली असेल. वर श्री नाही, ते बघून आणखी काही सांगायला नको. नावाआधीची जागा मोकळी सोडली आहे. तिथे दुसरं काही मी लिहिणार नाही, आणि कुणाला लिहू देणार नाही.

रघुवीरनेच शोधला त्याला. एका मोठ्या दगडाला पाठ टेकून बसला होता. खालची चौकी तिथून दिसते. चेहरा तसाच होता गं, जराही बदलला नव्हता. तुझ्यासाठी थांबायला हवं होतं, पण इथल्या उन्हात ठेवता आलं नाही. क्षमा कर. हिने तो स्वेटर आणला आणि त्याच्या अंगावर पांघरला. नुकताच उन्हातून काढलेला, गरम होता. मग एकदाच मोठ्याने रडली.

गाडी वर गेली, खाली आली, कुठेही अडली नाही. वर्कशॉपातल्या मंडळींनी माझी पाठ थोपटली. मी चाचपून बेअरिंग फिरवून पाहिलं. छान फिरत होतं. ते बघून माझा संताप संताप झाला. जानेवारीत का नाही फिरलास रे, म्हणून त्या लोखंडाला विचारलं मी, सगळ्यांच्या देखत.

अस्थी ठेवल्या आहेत. तू ये, मग तिघं मिळून जाऊ. हिचं एक सांगून ठेवतो. आता कडी वाजली तरी ही उठत नाही. तेव्हा आलीस की जोरात वाजव, मी दाराशीच बसलेला असेन.

तुझा,
बाबा