एस. गीताचं पूर्ण नाव

अंबरपेठ, हैदराबाद
९ फेब्रुवारी २००५

प्रिय शिल्पा,

सप्रेम नमस्कार. हिमायतनगरात सगळे खुशाल असाल. इकडे आम्ही ठीक. आईचे गुडघे कुरकुरतात, ऑफिसात मार्चची घाई आत्तापासूनच, सिकंदराबादहून घरी येईतो अंगात त्राण उरत नाही. रोज फोनवर बोलणारी ही बया पत्र काय लिहितेय, म्हणशील. फोनवर तू मधेच "अगं, जाऊ दे ना" म्हणतेस आणि मी जाऊ देते. म्हणून हा कागद.

तुझ्या इंटरनेटवरच्या कट्ट्याचा नवा नियम वाचला. रविवारपर्यंत ज्यांनी पूर्ण नाव, आडनाव, मूळ गाव दिलं नाही, त्यांचं सगळं लिखाण काढणार. इथल्या मराठी माणसांची ओळख व्हावी म्हणून तर तू कट्टा काढलास. कट्ट्यावरच्या आपल्या वैशालीबद्दल कुणी टोपणनावानं घाण लिहिलं, तेव्हा माझंही डोकं फिरलं होतं. त्या मेल्याला उघडा पाडायलाच हवा. म्हणून तुझ्या घरच्या बैठकीत नियमासाठी मीही हात वर केला.

खोटं बोलले. त्यासाठी नाही केला. सगळ्यांचे हात वर होते, माझा एकटीचा खाली राहिला असता तर दिसला असता.

कट्ट्यावरची 'सदाफुली' मी आहे गं.

एका मेळाव्यात कुणी हात न लावलेल्या गुळपोळ्यांचं तिनं लिहिलं आणि तुम्ही बत्तीस जण तिच्यावर तुटून पडलात. कुठला मेळावा, कुणाचं घर, हिंमत असेल तर नाव सांग! तूही लिहिलंस, नाव लपवतो तो खोटारडा. शिल्पा, मेळावा संक्रांतीचा, घर तुझं. पोळ्या माझ्या आईच्या. "प्रत्येकीनं एक पदार्थ आणा," म्हणाली होतीस ना, ती पहाटेपासून लाटत बसली होती. चाळीस पोळ्या.

निघताना मी तिला पढवलं होतं, "कुणी आडनाव विचारलं तर नुसतं एस. सांग." ऑफिसात मी एस. गीताच ना. तेलुगू लोकांत आडनावाचं एक अक्षर पुढे लावलं की झालं, कुणी खोदत बसत नाही. नोकरीची चौदा वर्षं त्या अक्षराच्या आडोशाला काढली. तुलाही मी तेवढीच ठाऊक. आई म्हणाली, "नाव काय चोरीचं हाय का, माय?" आणि तुझ्या सासूबाईंनी, त्रिवेणीकाकूंनी, "तुम्ही कुठल्या?" विचारल्याबरोबर आडनाव, गाव, गावातला बौद्धवाडा, सगळं हसत सांगून मोकळी झाली.

तू तेव्हा दारात तिळगूळ देत होतीस. काकू एक वावगा शब्द बोलल्या नाहीत. डबा उचलून मागच्या बाल्कनीत ठेवला आणि आम्ही निघताना हातात दिला. "राहूनच गेल्या बाई, सगळ्यांची पोटं भरलेली." डब्यावर बांधलेलं फडकंसुद्धा सुटलेलं नव्हतं. आठ दिवस आई त्याच पोळ्या खात होती. टाकून दे म्हटलं तर म्हणे, "अन्नाचा काय गुन्हा?"

मला काकूंचा राग आला, पण त्याहून जास्त आईचा आला. तोंड आवरायला काय झालं होतं, म्हणून रिक्षात तिच्यावर खेकसले. ती मांडीवरच्या डब्याचं फडकं सारखं करत राहिली. हे मात्र कट्ट्यावर लिहिलं नाही. टोपणनावानंसुद्धा लिहायची लाज वाटली.

आता सांग, तिथं नाव कसं घालू? घातलं तर पोळ्या राहतील बाजूला, लोक आडनावच वाचत बसतील. "ह्यांचं नेहमीचंच रडगाणं" म्हणतील. नाही घातलं तर मी खोटारडी. तो हलकट दुसऱ्याला छळायला नाव लपवतो. सदाफुली का लपवते, हे बैठकीत एकालाही विचारावंसं वाटलं नाही. तुलाही नाही.

थकले बाई मी. रविवारी ते लिखाण ठेव नाहीतर काढ, भांडायला येणार नाही. काढलंस तर नियमात बसत नाही म्हणून काढ, खोटं म्हणून काढू नकोस. नाव हवं होतं ना? हे घे. कट्ट्याला नाही, तुला देते. हे वाचून तुझा फोन आला तर उचलेन. नाही आला तर काय ते समजेन.

जय भीम.

गीता किशनराव सोनकांबळे
आईचं नाव भागूबाई
ता. देगलूर, जि. नांदेड