नवा ड्रायव्हर

चंदनचे बाबा,

मी चंदनले घेऊन माह्या बाबासंग आंजीले चालली. सकाळी बाबा तुरीच्या शेंगा घेऊन आले, तवा तुम्ही अंगणात गाडी धुवाले काढली होती. रिकामं बसवत नाई त्यायले. "द्या जावईबापू, मी धुतो," म्हणून त्यायनं बादली घेतली आन् तुम्ही खुशाल खुर्ची टाकून पेपर वाचत बसले. तेवढ्यात तुमचे नागपूरचे व्यापारी आले. त्यायनं विचारलं, "नवा ड्रायव्हर ठेवला काय?" तुम्ही हसून "हो" म्हटलं! मी दारातच होती.

बाबायनंबी ऐकलं. तरी चारही चाकं घासून धुतली, फडका पिळून वाळू घातला. घरात येऊन मले म्हणे, "पोरी, जावायाले काही बोलू नको." चहाही घेतला नाई. म्हणून बोलत नाई, लिहून राह्यली.

वांग्याची भाजी झाकून ठेवली आहे. पोळ्या तुमच्या हातानं लाटा. मले घ्याले याचं असन तं गाडी आणू नका, एसटीनं या. आन् आंजीच्या स्टँडवर, चार लोकांसमोर, माह्या बाबाले "मामाजी" म्हणून हाक मारजा. तवाच मी येईन.

हर्षा