ब्लेडनं उचललेली ओळ

प्रिय विल्या,

तू गेल्याला पाच वर्षं झाली. एवढ्या दिवसांत तुला एक अक्षर लिहिलं नाही आणि आज लिहायला बसलोय ते रागानं. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं माझा आवाज चढला तर नवल नको. सकाळी छापखान्यात एका लग्नपत्रिकेवाल्या पाहुण्याला विनाकारण फाडून खाल्लं. तो बिचारा फक्त गणपती जरा मोठा करा म्हणत होता.

कारण टेबलावर पडलंय. आपला 'गंजका पत्रा' पुन्हा निघालाय! सत्त्याण्णव साली आपण काढलेली ती कॅसेट, जी पोरांनी एकमेकांकडून भरून घेऊन घेऊन झिजवली, ती आता मुंबईच्या एका कंपनीनं 'डीलक्स' करून बाजारात आणलीय. पत्र्याचा डबा, आत दोन सीड्या, एक पोस्टर आणि जाडजूड पुस्तिका. डबा गंजलेला दिसावा म्हणून वरून तपकिरी शाई मारलीय. खरा पत्रा घ्यायचा आणि त्यावर खोटा गंज छापायचा, याला काय म्हणावं? तू असतास तर आधी नखानं खरवडून बघितलं असतंस.

पुस्तिकेत तुझं नाव नाही.

मी ती तीनदा वाचली. आपल्या 'बिनखांबी' बँडमधल्या चौघांचे फोटो आहेत, गाणाऱ्या अभिजितची मुलाखत आहे, तो शाळेत असताना कसा डबे बडवत गायचा ते आहे. गाणी कुणी लिहिली, गिटार कुणाची, सगळं आहे. ध्वनिमुद्रण कुणी केलं, तिथं काहीच नाही. जणू माईक आपले आपण उभे राहिले आणि आवाज आपला आपण टेपवर जाऊन बसला.

आता या बँडच्या चाहत्यांचा इंटरनेटवर एक ग्रुप आहे. तुझ्या वेळी हे एवढं नव्हतं. मी रोज दुपारी जेवण झालं की नेटकॅफेत जाऊन वाचतो. नाशिकचा कोण, ठाण्याचा कोण, एक जण तर दुबईतून लिहितो. दोन आठवडे त्यांचा वाद काय, तर डब्याचं झाकण घट्ट बसतं. पोस्टरला चार घड्या का घातल्या. पुस्तिकेचा कागद चकचकीत नको होता. मग एकानं विचारलं, की बाबांनो, या गाण्यांतले ड्रम असे मोकळ्या विहिरीत वाजल्यासारखे येतात, ते कुणी आणि कुठं रेकॉर्ड केले? मी खुर्चीत सरसावून बसलो. उत्तरं काय आली म्हणतोस? एक म्हणाला चेन्नईचा स्टुडिओ. दुसरा म्हणाला परदेशी मशीन, त्याशिवाय असा घुमारा येतच नाही. तिसऱ्यानं निकाल दिला, इंजिनिअर अज्ञात, पण निर्मात्याची दृष्टी थोर.

निर्माता कोण? तर दत्ता माळी.

हसू नको. खरंच छापलंय, 'कार्यकारी निर्माता: दत्ता माळी'. आपले सायकल दुकानवाले दत्तामामा! झालं काय, की कंपनीनं कॅसेटच्या डबीतलं आपलं जुनं घडीचं कार्ड समोर ठेवून नावं उतरवली. कार्डावर आपण कोल्हापूरच्या रिवाजाप्रमाणं शुभेच्छुकांची यादी टाकली होती. कुणी गाद्या दिल्या, कुणी चहा पाठवला, तालमीच्या पोरांनी जड सामान उचललं. आपल्याकडं अशा माणसाचं नाव राहिलं तर तो पुढं दोन वर्षं रस्त्यात तोंड फिरवून जातो. मुंबईच्या माणसाला शुभेच्छुक म्हणजे काय ते कोण सांगणार? त्यांनी यादीतलं पहिलं नाव निर्माता केलं आणि खालचे दहा जण सहनिर्माते. तालमीचा वस्ताद आज सहनिर्माता आहे.

मी दत्तामामांना डबा नेऊन दाखवला. त्यांनी चष्मा लावून नाव वाचलं आणि म्हणाले, "मी तर निस्ता टेम्पो दिलता की रं." मग डबा दुकानात ठेवायला मिळेल का, असं विचारलं. आता तो सायकलच्या सीटांशेजारी काचेत उभा आहे. त्यांच्यावर तरी काय रागवायचं?

त्या ग्रुपवर मी तीनदा उत्तर टाइप केलं आणि तीनदा पुसलं. मला सांगायचं होतं, अरे गाढवांनो, चेन्नई नाही, आपल्या कोल्हापुरातलं मंगल कार्यालय. आषाढात मुहूर्त नसतात म्हणून मोकळं पडलेलं. ड्रम भटारखान्यात मांडले होते, तिथल्या फरशीमुळं आणि पालथ्या घातलेल्या मोठ्या पातेल्यांमुळं तो घुमारा आला. हॉलमधल्या वऱ्हाडाच्या गाद्या गिटारच्या मागं भिंतीला उभ्या केल्या होत्या. आणि आमचा इंजिनिअर वधूपक्षाच्या खोलीत, हळदीचे डाग पडलेल्या टेबलावर मिक्सर ठेवून बसला होता.

तुला आठवतं, पहिला सबंध दिवस तू एक सूर भरला नाहीस? नुसता या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात टाळ्या वाजवत फिरत होतास. अभिजित वैतागला, म्हणाला हा काय आरतीला आलाय काय. तू लक्षच दिलं नाहीस. संध्याकाळी एक माईक चार बोटं डावीकडं सरकवलास आणि म्हणालास, आता वाजीव. ड्रमवाल्यानं वाजवलं आणि अभिजितनंच त्याला पुन्हा पुन्हा वाजवायला लावलं. मुरगूडला तुझ्या वडिलांचे लाउडस्पीकर होते. चौदा एप्रिलला जयंतीच्या मिरवणुकीत ते तुला गल्लीच्या शेवटाला पाठवायचे, तिथं उभ्या म्हातारीला शब्द कळतात का ते ऐकून यायला. कान तिथं तयार झाला तुझा.

आणि नावांचं वेड! आपण दोघं कॉलेज बुडवून कॅसेटच्या दुकानात जायचो. नवी इंग्रजी कॅसेट हातात आली की मी चित्र बघायचो, तू कार्डाची शेवटची घडी उलगडायचास. अगदी बारीक अक्षरात, अमुक गाण्याचे ड्रम कुणी भरले, मिक्स कुणी केला, चहा आणणारा असिस्टंट कोण, सगळं पाठ. मी एकदा चिडून म्हणालो, अरे गाणाऱ्याचं नाव तरी वाच. तू म्हणालास, "गाणारा दिसतुयच की. जो दिसत न्हाय, त्याचं नाव कुठं हाय ते बघ आधी."

हे वाक्य मला गेले पंधरा दिवस झोपू देत नाही.

कंपनीला फोन केला. तिथल्या मुलीनं नीट ऐकून घेतलं, खोटं कशाला बोलू. मग म्हणाली, सर, तुमच्याकडं काही पुरावा आहे का? मूळ कार्डावर त्यांचं नाव असेल तर आम्ही पुढच्या खेपेला घालू. मी म्हणालो, मूळ कार्डावर नाव नाही. ती म्हणाली, मग कसं करायचं सर? अभिजितला फोन केला. तो म्हणाला विल्याशिवाय ती कॅसेट झालीच नसती, सगळ्यांना माहीत आहे. मी म्हटलं, सगळे म्हणजे कोण? तू, मी आणि भटारखान्यातली पातेली? तो म्हणाला बघू पुढच्या आवृत्तीला, शूटिंग आहे, ठेवतो.

म्हणजे अडलं कुठं, तर मूळ कार्डावर. आणि मूळ कार्ड कुणी केलं? मी.

इतकी वर्षं हे मी कुणाला सांगितलेलं नाही, आणि तुला तर ते आधीपासून माहीत होतं. तरी आता लिहितो. कार्डाचं पेस्टिंग मी आमच्या छापखान्यात केलं. ब्रोमाइड कागदावर काढलेल्या छापील ओळी कापून, गोंद लावून, एकेक चिकटवली. सगळं बसलं होतं. तुझी ओळ पण होती, 'ध्वनिमुद्रण व मिश्रण: विलास कांबळे'. दुसऱ्या दिवशी सकाळी छपाई, आणि कार्यालयाचे मालक दारात. जावयाचं नाव शुभेच्छुकांत हवं. नाही म्हणायची सोय नव्हती, पुढच्या आषाढात पण जागा लागणार होती. एका ओळीची जागा करायची होती. मी दोन मिनिटं कार्डाकडं बघितलं, ब्लेड घेतलं आणि तुझी ओळ उचलली.

का तुझी? मला तेव्हा वाटलं, विल्या काय, समजून घेईल.

तू छापलेलं कार्ड हातात घेतलंस. नेहमीसारखी शेवटची घडी आधी उलगडलीस. वरून खाली वाचलंस, परत खालून वर वाचलंस. आणि म्हणालास, "छपाई झ्याक झालीया."

एवढंच? माईकची वायर कुणी ओलांडली तर अख्खं कार्यालय डोक्यावर घेणारा तू, तिथं गप्प का बसलास रे? एक शिवी घालायची होतीस. कार्ड माझ्या तोंडावर फेकायचं होतंस. मी सगळा गठ्ठा परत छापला असता. तू गप्प बसलास आणि मी ते माफी समजलो. त्यानंतर तू आमच्यासाठी एकही रेकॉर्डिंग केलं नाहीस. बिद्रीला साखर कारखान्यात नोकरी लागली, वेळ होत नाही, असं सांगत राहिलास आणि मी ते पण खरं धरलं. कावीळ अंगावर काढलीस, तेसुद्धा मला शेवटच्या आठवड्यात कळलं.

गेल्या रविवारी मोटरसायकल काढून मुरगूडला गेलो. वहिनी दवाखान्यातून नुकत्याच आल्या होत्या, अजून नर्सच्या पांढऱ्या साडीतच होत्या. डबा पुढं ठेवला. त्यांनी पुस्तिका घेतली आणि शेवटच्या पानापासून वाचायला लागल्या. तूच लावलेली सवय असणार. सगळी वाचून झाल्यावर मिटून ठेवली आणि विचारलं, यांचं नाव कुणी काढलं? मी सगळं सांगितलं. कार्यालयाचे मालक, जावई, जागा नव्हती. विलास समजून घेईल असं वाटलं, हेही सांगितलं.

वहिनी चिडल्या नाहीत. चहा ओतता ओतता म्हणाल्या, "भावजी, समजून घ्यायला दर वेळी आमचाच माणूस बरा सापडतो तुमास्नी."

मी म्हणणार होतो, वहिनी, तसं काही नव्हतं, माझ्या मनात तसलं कधी आलं नाही. तोंडापर्यंत आलेलं गिळलं. मनात आलं नाही हे खरंच आहे. पण हात बरोबर त्याच ओळीवर गेला, हेही खरं आहे. येताना सगळा रस्ता मी याच्याशीच भांडत आलो.

काल छापखान्यातला माळा उपसला. बाबा काहीही टाकत नसत, त्यामुळं जुनी आर्टवर्क सगळी आहेत. धुळीत 'गंजका पत्रा'चा पुठ्ठा सापडला. आणि विल्या, तुझी ओळ पण सापडली! मी ती फेकली नव्हती. पुठ्ठ्याच्या समासात, कुठं हरवू नये म्हणून, तेव्हाच चिकटवून ठेवली होती. गोंद पिवळा पडलाय, अक्षर न् अक्षर शाबूत आहे.

ती सोडवून हातात घेतली आणि कार्डावर कुठं बसेल ते बघत बसलो. शुभेच्छुकांत हात घालायची हिंमत आजही नाही. मग वरच्या भागात बघितलं. तिथं एक ओळ होती, जी मी तेव्हा कापायचा विचारसुद्धा केला नव्हता. 'मुखपृष्ठ व मांडणी: श्रीकांत पोवार'. डीलक्सच्या पुस्तिकेतही ती जशीच्या तशी आलीय. ग्रुपवर दोघातिघांनी माझ्या चित्राचं कौतुक केलंय, तेही मी वाचलं होतं. आवडलं होतं.

तुझी पट्टी तिच्यावर ठेवली. डावीकडं भिडली, उजवीकडं भिडली. फूटपट्टी घेऊन मोजलं. दोन्ही ओळी एकाच मापाच्या निघाल्या. तेव्हाही एकाच मापाच्या होत्या.

आज सकाळी शुद्धिपत्र छापलं. कॅसेटच्या कार्डाएवढंच, तुझ्या त्याच जुन्या पट्टीवरून ब्लॉक करून. मजकूर असा: 'मूळ कार्डावर आणि पुस्तिकेत मुखपृष्ठ व मांडणी: श्रीकांत पोवार अशी ओळ आहे. तिच्या जागी वाचावे, ध्वनिमुद्रण व मिश्रण: विलास कांबळे.' डबा विकणाऱ्या पहिल्याच दुकानदारानं नाही म्हटलं. डबे सीलबंद आहेत, आत कसं घालू म्हणाला. भांडलो त्याच्याशी. शेवटी बिलाबरोबर हातात द्यायला कबूल झाला.

पहिलं शुद्धिपत्र रविवारी वहिनींना नेऊन देतो. ग्रुपवरही आज लिहितो, माझ्या खऱ्या नावानं, आणि या वेळी पुसणार नाही. कंपनीला दर महिन्याला एक पाठवतो, त्यांनी छापेपर्यंत. आणि विल्या, शब्द देतो, यापुढं कुणीही विचारलं की ही ओळ का गाळली होती, तर त्याला जागा नव्हती असं सांगणार नाही.

तुझा,
श्रीक्या