वाऱ्याखालचा माणूस

भाऊ, माझी मुलगी आता बोईसरच्या एका कारखान्यात नोकरी करते. काल जेवताना ती सांगत होती की, आवारात वेल्डिंगची ठिणगी पाडायची म्हटली तरी आधी परमिट घ्यावं लागतं, आणि उन्हाळ्यात तर ते फारच कडक. परमिटवर एका माणसाची वेगळी सही असते. काम चालू असताना, आणि संपल्यावरही काही वेळ, त्याने तिथून हलायचं नाही. तिला वाटलं, बाबांना काहीतरी नवलाईचं सांगतेय. माझा घास हातातच राहिला. म्हटलं, अगं, हे आमच्या भाऊंचं आहे! तिला ते काही कळलं नाही. म्हणून तुम्हालाच लिहायला बसलो.

तुम्ही चौकीचे वनपाल आणि मी नवाकोरा गार्ड. अंगात वर्दी, डोक्यात नियम आणि अक्कल जेमतेम. होळी झाली की डोंगरातली माणसं राब भाजायची परवानगी मागायला चौकीवर येत. भाताचं रोप टाकायच्या तुकड्यावर डहाळ्या, पाला, शेण पसरून ते जाळायचं. राब भाजला नाही तर रोप धड येत नाही, आणि भाजायचे दिवस नेमके जंगल वाळून कडकडीत झाल्याचे. मी लगेच नियमांची वही उघडायचो. तुम्ही मात्र एकच विचारायचात, "तुज्या राबाच्या वाऱ्याखाली कोन हाय?" वारा आग नेईल त्या बाजूला शेजाऱ्याचं शेत असेल तर त्या शेजाऱ्याला घेऊन ये, परवानगीच्या चिठ्ठीवर त्याचा अंगठा लाव, आणि आग विझेपर्यंत तो तिथं उभा राहील. हे कुठल्या नियमात होतं? कुठल्याच नाही. तुम्ही दातिवऱ्याचे, होड्यांवर वाढलेले. वारा कुणीकडून येतो ते आधी बघायचं, मग बाकीचं.

एकदा एक म्हातारा म्हणाला, "वाऱ्याखाली कोन नाय, निस्ता डोंगर हाय." तुम्ही शाईचा पॅड ओढलात आणि चिठ्ठीवर स्वतःचा अंगठा उठवलात. तुमचं अक्षर मोत्यासारखं, मी हसलो. तुम्ही म्हणालात, "हसतो काय, गार्डसाहेब? जंगलाला सही येत नाय." दुसऱ्या दिवशी उजाडताच तुम्ही ओली फांदी घेऊन त्या राबाच्या कडेला उभे, शेवटचा धूर जाईपर्यंत. तेव्हा मला ते जरा वेडेपणाचंच वाटलं होतं. आज वाटतं, तुमच्याएवढा शहाणा माणूस मी सबंध नोकरीत पाहिला नाही.

आणि मग तो दिवस. तुम्ही आदल्या दिवशी दुपारी घरी दातिवऱ्याला गेलात, म्हणालात, उद्या येतो. तुम्ही गेल्यावर ती विधवा बाई आली. "साहेब, वीटभट्टीवरून दोन दिसांसाठी आलंय. उद्या राब नाय भाजला तर यंदा रोप नाय." तिच्या वाऱ्याखालीही जंगलच, त्यात खात्याची कोवळी लागवड. मी रुबाबात पॅड ओढला, तुमच्यासारखाच अंगठा उठवला आणि म्हणालो, "सकाळी मी आल्याशिवाय पेटवू नको." ती थांबली, भाऊ. उन्हं चढेपर्यंत थांबली. संध्याकाळी तिला भट्टीच्या ट्रकात बसायचं होतं. शेवटी तिने पेटवलं, आणि त्याच वेळेला समुद्राकडचा वारा सुटला. पाड्यावरच्या माणसांनी फांद्यांनी झोडून झोडून आग विझवली, तरी लागवडीचा एक पट्टा गेलाच. बाईच्या हाताला फोड आले होते.

दुपारी रेंजरसाहेब आले. ती बाई ओसरीवर बसलेली, तिच्यावर गुन्हा दाखल होणार हे नक्कीच होतं. इतक्यात तुम्ही पिशवी घेऊन फाटकातून आत येताय. साहेब चिठ्ठी नाचवत विचारतात, "वाऱ्याखालच्या जागी हा अंगठा कोणाचा?" मी मूठ घट्ट मिटून उभा. शाई अजून गेली नव्हती. तुम्ही माझ्या मुठीकडे बघता, मग बाईच्या हातांकडे. "माजा, साहेब. जायच्या आदी मीच लावला. सकाळी पोचायला पायजे होतं, नाय पोचलो. बाईची चूक नाय." तुमची ही रीत सगळ्या रेंजला ठाऊक होती, कुणी शंका घेतली नाही. बाई सुटली. तुम्हाला मेमो मिळाला आणि तुमची बढती रखडली. माझी मूठ मात्र मिटलेलीच राहिली.

साहेब गेल्यावर तुम्ही एवढंच विचारलंत, "कुठं होतास?" मी म्हणालो, "सायकल पंक्चर झाली वाटेत." तुम्ही पिशवी खुंटीला अडकवलीत. मग म्हणालात, "अंगठा लावला म्हंजे उभं रायचं." पुढच्या आठवड्यात पालघरच्या बाजारातून माझ्यासाठी पंक्चर काढायची डबी आणलीत. रबराचे तुकडे, सोल्युशन, पॉलिश पेपर. "ठेव. वाऱ्याखालच्या मानसाची सायकल बसून चालत नाय." तुम्ही खरंच विश्वास ठेवला होतात, की मला शालजोडीतला दिला होतात, हे मला आजवर उमगलेलं नाही. पण त्यानंतर ज्या ज्या राबाच्या चिठ्ठीवर माझा अंगठा लागला, तिथे शेवटचा धूर जाईपर्यंत मी उभा राहिलो. तुम्ही गेलात त्या वर्षीही. मला तुमचा अभिमान वाटतो, भाऊ. हे तोंडावर कधी म्हणालो नाही.

हे पत्र कुठे टाकणार? घडी करून त्या डबीतच ठेवतो. सोल्युशनची नळी वाळून दगड झाली आहे, तिचं सील मी कधी फोडलंच नाही. सायकल पंक्चर झाली नव्हती, भाऊ. मी बोईसरला टेनिस बॉलची मॅच खेळायला गेलो होतो. दुसऱ्याच चेंडूवर आउट झालो, तरी संपेपर्यंत बघत बसलो.