दोनदा पुरतं

९ मार्च

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

जे घडलं ते असं :

१. तुमच्या पक्षाने आरोग्य विम्याला कात्री लावली. डायलिसिस आता आठवड्यातून तीनऐवजी दोनदाच.

२. कपात मेपासून लागू, म्हणजे निवडणूक उरकल्यावर. तोवर तीनदा मिळतं.

३. बाबा आत्तापासूनच दोनदा येतात.

ज्या केंद्रात मी मशीन सांभाळते तिथलेच ते पेशंट, त्यामुळे शनिवारी आले नाहीत की मला कळतं. विचारलं तर म्हणाले, सवय करतोय. पायावर बोट दाबलं की खळगा तसाच राहतो. आई म्हणते, आडवं झालं की धाप लागते. सख्खा भाऊच कण्हत बसला तर धाकट्याला मतं कोण देणार, ही त्यांची काळजी.

माझं ऐकत नाहीत. तुम्ही सांगून पाहा. काकूंना नमस्कार. राग नसावा.

तुमची पुतणी

१३ मार्च

चि. मिस्त्रीणबाईंस,
अनेक आशीर्वाद.

पत्र आहे की पंचनामा? काकाला नंबर घालून झापणारी तू पहिलीच!

तारीख मी ठरवली नाही गं. आधी लागू केली असती तर मतं मागायला तोंड राहिलं नसतं, हे वरच्यांनाही कळतं. विरोधात हात वर केला असता तर तिकीट गेलं असतं. निवडून आलो की दुरुस्ती मागतो, शब्द देतो.

दादाचं म्हणशील तर, परवाच्या सभेत मागून कुणीतरी डायलिसिसचं काय म्हणून ओरडलं. माझी बोबडी वळली. दादा आपणहून वर आला, माईक घेतला आणि म्हणाला, मी दोनदाच घेतो, दोनदा पुरतं, बघा ठणठणीत आहे. काय टाळ्या पडल्या! शाळेत माझ्या मारामाऱ्यांत असाच मधे पडायचा. कार्यकर्त्यांनी पुढच्या रविवारच्या मोठ्या सभेच्या पत्रकावर त्याचं नाव छापलंय.

त्याला समजावणारा मी कोण? तो मोठा. तरी प्रचारातून सवड झाली की बोलतो. आईला जप. आमच्यावर माया राहू दे.

तुझा काका

१७ मार्च

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. बाबांचा कालचा रिपोर्ट आला. पोटॅशियम फार वाढलं आहे. ते असंच वाढत गेलं तर हृदय न सांगता थांबतं. टाळ्यांनी ते उतरत नाही.

डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून हेच सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि बाहेर आल्यावर मला बजावलं, मतदान होईपर्यंत धाकट्याला कळवायचं नाही. मी कळवते आहे.

आणखी एक. त्यांच्या शेजारी डायलिसिस घेणाऱ्या शिंपीणकाकू तुमच्या त्या सभेला होत्या. त्यांनीही तिसरी पाळी सोडली. फोन केला तर मलाच म्हणाल्या, तुझ्या वडिलांना पुरतं, मग मला का नाही? मशीन बिघडलं तर मी उघडून दुरुस्त करते. इथे कुठून उघडायचं ते कळत नाही.

मेनंतरचं काय, ते मी आज विचारत नाही. पत्रकावरून बाबांचं नाव काढा आणि या शनिवारी सकाळी त्यांना स्वतः केंद्रावर घेऊन या. तुम्ही दारात उभे राहिलात तर ते नाही म्हणणार नाहीत. धाकट्याला त्यांनी कधी नाही म्हटलेलं नाही.

आई ठीक आहे. लोभ आहे तसाच ठेवावा.

येणार की नाही, ते शुक्रवारपर्यंत कळवा.

तुमची पुतणी