आत माणूस जिवंत आहे

२ मे
तनुजाचा फोन. लातूरला नवीन फ्लॅटमध्ये राहायला गेले, अकरा तारखेला वास्तुशांती. म्हणाली, अप्पा, आईला घेऊन या आणि या खेपेला मुक्काम करा. सांगितले, लेकीच्या सासरी मुक्काम करायची आपल्यात रीत नाही. म्हणाली, मग मी बी पंचमीला माहेरी येत न्हाई, ही नवी रीत. फोन ठेवला.
पंचमीला लेक नाही तर झोका कोणासाठी बांधायचा? पण रीत ती रीत.
धोंडाबाई म्हणाली, रीतबीत काही न्हाई, घोरता म्हणून लाजता. साफ खोटे. चाळीस वर्षे शेजारी झोपते, एकदाही उठली नाही. तिला डाव्या कानाने ऐकू येत नाही आणि ती उजव्या कुशीवर झोपते, पण तो मुद्दा वेगळा. तनुजाच्या साखरपुड्याला व्याही सुदामराव सकाळी म्हणाले होते, रात्रभर गिरणी चालू होती वाटतं. असेल गावात गिरणी.

रात्री ९. उपाय सापडला. दिवसा लेकीच्या घरी, रात्री आपल्या व्हॅनमध्ये. रीतही राहील, लेकही राहील.

४ मे
शंका. गाडीत झोपणे गुन्हा आहे का? शेजारचा रामकिशन होमगार्डमध्ये होता. म्हणाला, गुन्हा न्हाई अप्पा, पण पोलिस काचेवर काठी मारतेत, माणूस जित्ता हाय का बघाया. मला आधीच बीपी. काठीच्या आवाजानेच जाईन.
जेवण गेले नाही.

५ मे
नांदेड. कोर्टाबाहेर एका वकिलाला गाठले. म्हणाले, काका, झोपायला बंदी नाही, गाडी कुठे उभी केली ते बघतात. रस्ता अडवू नका, पिऊन स्टिअरिंगवर बसू नका, नो पार्किंगमध्ये लावू नका. विचारले, नो पार्किंगमध्ये जागा राहिलो तर? म्हणाले, तरी दंड. म्हणजे जागून काही फायदा नाही. कायदा मला आता बराच कळतो.
परत येताना एसटीत डोळा लागला. शेजारचा पोरगा जागा सोडून उमरीपर्यंत उभा राहिला. तरुण पिढीला अजून वडीलधाऱ्यांचा मान आहे.

७ मे
सराव. अंगणात, दुपारी. काचा लावल्या तर भट्टी, उघडल्या तर माशा. चार बोटे उघड्या ठेवल्या. झोप उत्तम. उठलो तर गाडीभोवती बाया जमलेल्या. आतून कसलातरी आवाज येतो, अप्पाला धाप लागली, असे कोणीतरी पसरवले. नागाबाई पदर डोळ्याला लावून तयार. रामकिशनने दार उचकटायला पहार आणली होती. मिनिटभर उशीर झाला असता तर दार गेले असते.
पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिले: आत माणूस जिवंत आहे. कायद्याप्रमाणे झोपला आहे. उठवू नये.
धोंडाबाई म्हणाली, खाली फोन नंबर बी लिहा, मढं कुठं पोचवायचं ते तरी कळंल.

१० मे
पहाटे निघालो. लायसन्स, विमा, पीयूसी, बीपीची गोळी, पुठ्ठा. लोह्यापर्यंत पुन्हा पुन्हा थांबून तपासले.
अहमदपूरला चहा घेतला. टपरीपाशी पोलिस उभा होता. आपण होऊन सांगितले की आज रात्री मी गाडीत झोपणार आहे. म्हणाला, बरं. मग धोंडाबाईला विचारले, मावशी, घरी काही झालंय का?

दुपारी लातूर. बिल्डिंग मोठी, खाली पार्किंग. घर लेकीचे, पार्किंग सोसायटीचे. म्हणजे तिथे झोपले तर लेकीच्या घरी मुक्काम होत नाही आणि रस्ताही अडत नाही. हे वकिलालाही सुचले नसते. तनुजाने ऐकून घेतले. भाकरी मात्र अशी टाकली की ताट वाजले. हा हट्टी स्वभाव कोणाचा आला कळत नाही.

११ मे, सकाळ
रात्री भलताच प्रकार. डोळा लागतो तोच शेजारच्या कारचे दार वाजले. पोलिस समजून लायसन्स पुढे केले. जावई निघाले. आदर्शराव, काखेत उशी. विचारले, भांडलात? म्हणाले, न्हाई अप्पा. ती दमली की जरा... तितक्यात वरून, जिन्यातून, आवाज आला. दगड भरडावेत तसा. विचारले, गिरणी? म्हणाले, तनुजा.
मी म्हणालो, शक्य नाही, आमच्या घराण्यात कोणी घोरत नाही. जावयांनी काखेतली उशी पुढे केली. मग म्हणाले, लग्नापासून हाय, अप्पा. आमच्या बाबांनी एका शब्दानं तिला बोललं न्हाई. एक खोली जादा पायजे म्हणून तर हा फ्लॅट घेतला, आज ती तनुजाच्या आईंना दिली.
मी घोरत नाही. पण समजा घोरलोच, तर सासरी पोरीला टोमणे बसतील, एवढाच घोर होता. आणि पोर तिथे निवांत गिरणी चालवते आहे. मी उगाच नांदेडला गेलो.
सकाळी तनुजाला म्हणालो, आज वर झोपतो. रीत माणसासाठी असते. ती हसली. पंचमीला येते म्हणाली.

१२ मे
काल वास्तुशांती पार पडली. रात्री झकास झोप. तनुजा आतल्या खोलीत, मी हॉलमध्ये, मधले दार उघडे. कोणाची तक्रार नाही. म्हणजे घोरत नाही हे सिद्ध झाले.
उठलो तर तनुजा आणि तिची आई, दोघीच घरात. व्याही नाहीत, जावई नाहीत. खुंटीवरची व्हॅनची किल्ली नाही. खाली गेलो. आदर्शराव आपल्या कारमध्ये, डोक्याला टॉवेल गुंडाळून. आमच्या व्हॅनमध्ये सुदामराव आडवे, तोंड उघडे, काचेला माझाच पुठ्ठा. रामकिशनचे बोलणे आठवले. घाबरून काच वाजवली.
सुदामरावांनी एक डोळा उघडला. आधी पुठ्ठ्याकडे बोट दाखवले. मग फटीतून म्हणाले, व्याहीबुवा, पंचमीची वाट कशाला बघता? आजच न्या पोरीला. पंचमी करूनच धाडा. घाई करू नका.