तीनचा सात

१३ जाने. ९७, सोमवार
सकाळच्या एस.टी.ने धुळे. रक्तपेढीचा सर्व्हर. जुनाच, रॅकमध्ये बसवलेला, आत बोटभर धूळ. रक्तदात्यांची सगळी यादी त्यावर. एक नाव शोधायला चहा पिऊन होतो, म्हणून मेमरी वाढवायची. दुकानमालक नानांनी दोन पट्ट्या दिल्या होत्या, दुसऱ्या मशीनमधून काढलेल्या. बसवल्या तर मशीन सुरूच होईना. या पट्ट्यांवर चूक पकडणारी जादा चिप नाही. जळगावला फोन केला. नाना म्हणाले, "सेटिंगमधली तपासणी बंद करून टाक, चालतं." केली. चाललं. नाव लगेच येतं. नोंदी ठेवणाऱ्या अहिरे बाई खूश. "आता हाताने वही लिहायचं काम कमी," म्हणाल्या.

१४ जाने.
तपासणी बंद केल्याचं रिपोर्टवर लिहिलं नाही. नाना म्हणतात, बरोबरच्या पट्ट्या आल्या की बदलू. कधी, ते...

३० जाने., गुरुवार
पट्ट्या नाहीत. मीही परत विचारलं नाही. पहूरला दोन दिवस काम.

११ फेब्रु., मंगळवार
दुपारी अहिरे बाईंचा फोन. आवाज बसलेला. काल सकाळी एक बाळंतीण आणली होती, रक्तस्राव थांबत नव्हता. ओ निगेटिव्ह हवं, पेढीत एकही बाटली नाही. मशीनच्या यादीत दोन नावं. एक धुळ्यातलाच, पण त्याने महिन्यापूर्वीच दिलेलं, तीन महिने परत घेत नाहीत. म्हणून दुसऱ्याकडे पारोळ्याला जीप पाठवली. माणूस हातातलं काम टाकून आला. तपासलं तर ओ पॉझिटिव्ह. मग धुळ्यातल्यालाच बोलावलं. तोवर दुपार. त्याची बाटली चढवली, तरी बाळंतीण गेली. बाळ आहे.
"मशीनमध्ये निगेटिव्ह कसं आलं हो? मी स्वतः पॉझिटिव्ह टाइप केलंय. वहीतही तसंच आहे."
मी म्हणालो, उद्या येतो. जेवलो नाही.

१२ फेब्रु.
पट्ट्या काढून एकेक तपासली. दुसरी खराब. एका जागी कायम चुकीचं ठेवते. रक्तगट मशीनमध्ये आकड्याने राहतो. ओ पॉझिटिव्ह तीन, ओ निगेटिव्ह सात. पट्टीने तीनचा सात केला. तपासणी चालू असती तर मशीन जागच्या जागी थांबलं असतं. बाई शेजारी उभ्या होत्या. त्यांना सांगितलं, सगळं. तपासणी मी बंद केली तेही.  त्या स्टूल ओढून बसल्या, वही उघडली. "मी वाचते, तुम्ही पडद्यावर बघा." संध्याकाळपर्यंत सहा चुका. निम्मी वहीसुद्धा झाली नाही.

१३ फेब्रु.
नानांना सांगितलं. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. ते म्हणाले, "हे कागदावर आणू नको. पट्टी काय, कोणाचीही खराब होते." मी म्हणालो, तपासणी मी बंद केली. "मीच सांगितलं होतं ना," म्हणाले, आणि आत गेले.  पंधरा वर्षांची ओळख, ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

१७ फेब्रु., सोमवार
रिपोर्ट लिहिला. दीड पान. पेढीच्या डॉक्टरांना नेऊन दिला. त्यांनी उभ्यानेच वाचला. "ती आली तेव्हाच फार उशीर झाला होता. वेळेवर रक्त मिळालं असतं तरी वाचली असती असं मी सांगू शकत नाही."
"नसती वाचली, असं सांगू शकता का?"
"तेही नाही."
त्यांनी कागद खणात ठेवला. वर पाठवणार का, ते मी विचारलं नाही. येताना असोद्याचा एक ओळखीचा भेटला, गाडीत केळीच्या भावाबद्दल बोलत राहिला. हो हो म्हणत होतो.

२४ फेब्रु., सोमवार
बरोबरच्या पट्ट्या बसवल्या. तपासणी चालू. वही संपली, एकूण चौदा नोंदी चुकलेल्या, सगळ्या दुरुस्त.
आवरत होतो तेवढ्यात एक माणूस दारात. अंगात इस्त्रीचा सदरा, पायांवर धूळ. अहिरे बाई ताडकन उठल्या. त्या बाळंतिणीचा नवरा. तिला दिलं तेवढं रक्त परत द्यायचं असतं असं कोणीतरी सांगितलं, म्हणून आला. बाई म्हणाल्या, आत्ता राहू द्या. ऐकेना. दिलं.
नोंद करायला बाईंनी खुर्ची माझ्याकडे सरकवली, मी बसलो. नाव, गाव, गट. टाइप केलं, तीनदा वाचलं.
तो पडद्याकडे बघत म्हणाला, "भाऊ, मन्हं नाव यामा राही का?"
राहील, म्हणालो.
"मंग कधय बी बलावा. मी येसू."
त्याला पट्टीचं सांगायला तोंड उघडलं. बाई माझ्याकडे बघत होत्या. विचारलं ते एवढंच, बाळ कसं आहे.
"बरं शे," म्हणाला.
त्याचा पत्ता मशीनमध्ये आहे. एका कागदावरही उतरवून आणलाय.